काढलेलं झाकण परत बसवा

यंदाच्या अंकाचा विषय ‘यंत्र आणि हात’ असा ठरला आणि शेतातल्या यंत्रावर लिहाल का, अशी विचारणा संपादकांनी केली. ड्रोन, मोबाइलवर चालणारे पंप, जमिनीतली ओल सांगणारे सेन्सर यांवर सध्या पुष्कळ छापून येतं. माझ्या डोक्यात मात्र रंग उडालेला, दोन-तीन मालक बदललेला, द्राक्षाच्या मांडवाखाली वाकून शिरणारा छोटा ट्रॅक्टर होता. महाराष्ट्रातली कितीतरी बागायती त्याच्यावर उभी आहे आणि त्याच्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. म्हणून छाटणीच्या हंगामात निफाड-दिंडोरी पट्ट्यात गेलो. पिंपळगाव बसवंतच्या आसपासची गॅरेजं पाहिली, बागांमधून फिरलो, मिस्त्री, मालक आणि ड्रायव्हर यांच्याशी बोललो.

‘गाडी आजच पाहिजे’

गॅरेजमध्ये एक ट्रॅक्टर मधोमध फोडून ठेवला होता. इंजिन आणि पुढची चाकं एका जॅकवर, गिअरबॉक्स आणि मागची चाकं दुसऱ्यावर, मध्ये दीड-दोन फुटांची फट. क्लच प्लेट बदलायची तर ट्रॅक्टर असा दोन तुकड्यांत वेगळा करावाच लागतो. मिस्त्री त्या फटीत बसून प्रेशर प्लेटचे बोल्ट आवळत होता आणि मालक शेजारी उभा राहून दर पाच मिनिटांनी विचारत होता, “मिस्त्री, संध्याकाळपर्यंत होईल ना?”

मालकाची घाई समजण्यासारखी होती. ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळी फूट निघते. त्याच सुमारास परतीचा पाऊस येऊन गेला की डाऊनी या बुरशीरोगाचा घाला पडतो. पाऊस उघडल्यावर फवारणी किती लवकर होते, यावर वर्षाचा घड ठरतो. त्या दिवशी ट्रॅक्टर बंद असला तर शेजाऱ्याचाही मिळत नाही, कारण तोही स्वतःच्याच बागेत अडकलेला असतो. म्हणून या दिवसांत गॅरेजमध्ये येणारं प्रत्येक काम ‘गाडी आजच पाहिजे’ असंच असतं.

घाईत राहून जातात ती झाकणं. गॅरेजच्या कोपऱ्यात त्यांचा ढीगच पडलेला होता. पंख्यापुढची जाळी, बेल्टवरचा पत्रा, मागे फिरणाऱ्या दातेरी टोकावरची लोखंडी टोपी, शाफ्टवरच्या प्लॅस्टिक नळीचे अर्धे तुकडे. मिस्त्रीला विचारलं तर म्हणाला, “भाऊ, हे सगळं गिऱ्हाइकांचंच आहे. इंजिन सुरू झालं की निघतात. झाकण मागायला कुणी परत येत नाही.”

पुढे जे जे पाहिलं, ते याच ढिगाशी येऊन भिडलं. दुरुस्तीसाठी काढलेली आणि परत न बसवलेली वस्तू ही जुन्या ट्रॅक्टरची सर्वांत धोकादायक वस्तू आहे, असं माझं मत झालं आहे.

मांडवाखालचा ट्रॅक्टर

द्राक्षाच्या दोन ओळींत साधारण नऊ फूट अंतर असतं. दोन्हीकडच्या वेलींच्या फांद्या आत आलेल्या, वर मांडवाच्या तारा आणि त्यावर पानांचं छत. या बोगद्यातून वाट काढायला अंगाने बुटका, रुंदीला चार फुटांच्या आतबाहेर असलेला ट्रॅक्टरच लागतो. ही गरज ज्यांनी आधी भागवली, त्यांत बंगळूरच्या व्हीएसटी कंपनीने जपानच्या मित्सुबिशीच्या तंत्रावर बनवलेला साडेअठरा अश्वशक्तीचा ‘शक्ती’ हा ठळक होता. तीन सिलिंडर, चारही चाकांना ताकद. जुन्या बागायतदारांच्या तोंडी तो अजूनही नुसता ‘मित्सुबिशी’ असतो. मग महिंद्राचा पंधरा अश्वशक्तीचा, एका सिलिंडरचा ‘युवराज’ आला, राजकोटचे ‘कॅप्टन’ आले, कुबोटा आले.

यातले पहिल्या पिढीचे ट्रॅक्टर आज दुसऱ्या-तिसऱ्या हाती आहेत. बागायतदार नवा घेतो, जुना टोमॅटो-कांद्यावाल्याकडे जातो, तिथून दोन-तीन एकरवाल्याकडे. प्रत्येक हस्तांतरात काहीतरी हरवतं. आधी माहितीपुस्तिका, मग टूलबॉक्स, मग तासमीटर बंद पडतो. शेवटचा मालक सर्वांत कमी पैशांचा असतो आणि त्याच्या हाती सर्वांत जास्त झिजलेलं, सर्वांत उघडं पडलेलं यंत्र येतं.

यंत्र मात्र चिवट असतं. नीट सांभाळलं तर ही छोटी डिझेल इंजिनं हजारो तास चालतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एका बागेत एक म्हातारा ट्रॅक्टर होता. त्याचा पत्रा गंजला होता, सीट पोत्याची होती, पण किल्ली फिरवताच इंजिन लागलं आणि धूर क्षणभरात विरला. मालक नाना म्हणाले की आजवर हाफ इंजिनचं काम एकदाच निघालं. पुढे ते ज्या गोष्टीबद्दल बोलत राहिले ती होती धूळ.

धूळ, पाणी, डिझेल

कोरड्या जमिनीत रोटर, म्हणजे माती भुसभुशीत करणारं फिरत्या पात्यांचं अवजार, मारताना ट्रॅक्टर स्वतःच उडवलेल्या धुळीत चालतो आणि तीच हवा इंजिन ओढून घेतं. जुन्या ट्रॅक्टरांत बहुधा ऑइल बाथ एअर क्लिनर असतो. हवा तळाच्या वाटीतल्या तेलावरून वळते आणि माती तेलात बसते. वाटीत गाळ साचून तेल घट्ट झालं की माती पुढे सरकते आणि लायनर-रिंगांवर पॉलिश पेपरसारखी घासत राहते. नाना रोटरच्या दिवसांत रोज संध्याकाळी ती वाटी सोडवतात, गाळ काढतात, डिझेलने धुतात आणि खुणेपर्यंत नवं तेल भरतात. खुणेच्या वर भरलं तर इंजिन ते तेल ओढून घेतं, हेही त्यांनी आवर्जून सांगितलं. काम दहा मिनिटांचं आहे. क्लिनर आणि इंजिन यांच्या मधल्या रबरी नळीला चीर असेल तर मात्र ही सगळी मेहनत फुकट जाते, कारण धूळ गाळणीला वळसा घालून आत शिरते. जुना ट्रॅक्टर विकत घेताना ही नळी बोटाने दाबून, वाकवून पाहावी.

दुसरा शत्रू बोअरचं पाणी. या भागात क्षाराचं पाणी सर्रास रेडिएटरमध्ये ओतलं जातं. आतून नळ्यांना क्षार धरतात, बाहेरून जाळीत द्राक्षाची वाळकी पानं आणि फवाऱ्याचा थर बसतो. इंजिन तापू लागतं. मग घाईत कुणीतरी तापलेल्या रेडिएटरचं झाकण फिरवतं. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्याही पुढे गेलेलं असतं. झाकण सुटताच ते उकळत बाहेर उसळतं आणि तोंड, मान, छाती भाजते. इंजिन बंद करून अर्धा तास थांबण्याला पर्याय नाही.

डिझेल संपून एअर लॉक झाला की फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंपाने बुडबुडे काढायचे, हे बहुतेक ड्रायव्हरना येतं. पण पंपाकडून नोझलकडे जाणारी बारीक लोखंडी नळी किंवा हायड्रोलिकचा पाइप गळत असेल, तर गळती बोटाने चाचपायची सवयही बहुतेकांना आहे. ती जीवघेणी आहे. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून येणारी धार कातडी भेदून आत जाते. वर नुसता ठिपका दिसतो, फारसं दुखतही नाही, आणि आत तेल बोटाच्या पेशी मारत पसरत राहतं. अशा ठिपक्यावर हळद लावून घरी बसू नये. तासाभराचीही हयगय न करता शस्त्रक्रिया होणाऱ्या दवाखान्यात जावं आणि ‘दाबाखालचं तेल आत गेलं आहे’ असं डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा पुरतो.

निफाडची थंडी महाराष्ट्राला ठाऊक आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातले पारा घसरल्याचे आकडे दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येतात. अशा पहाटे छोटं डिझेल इंजिन सुरू व्हायला कुरकुर करतं. ज्यात हीटर प्लग आहेत, त्यात किल्ली हीटरवर धरून थोडं थांबायचं असतं. प्लग जळालेले असले की लोक हवेच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरतात. इंजिन लागतं, पण तो भडका ज्या दणक्याने पिस्टनवर बसतो त्यात रिंगा तुटतात आणि बोळा धरणाऱ्याचा हातही भाजतो. प्लग बदलण्याचा खर्च त्यापुढे किरकोळ आहे.

स्क्रू ड्रायव्हरने सुरू होणारा ट्रॅक्टर

एका बागेच्या कडेला ड्रायव्हरने ट्रॅक्टर सुरू केला तो सीटवर न बसताच. मागच्या मोठ्या चाकापुढे जमिनीवर उभा राहिला, वाकला आणि सेल्फच्या, म्हणजे स्टार्टरच्या, दोन टोकांवर स्क्रू ड्रायव्हर टेकवला. ठिणगी उडाली, इंजिन लागलं. किल्लीची वायर गेली होती, म्हणून महिन्याभरापासून असंच चाललं होतं.

हे दृश्य गावोगावी दिसतं, म्हणून त्यात काय घडतं ते नीट सांगायला हवं. अनेक ट्रॅक्टरांत क्लच दाबल्याशिवाय किंवा गिअर मोकळा केल्याशिवाय सेल्फला करंट जाऊ नये म्हणून एक छोटा स्विच असतो. तो बिघडला की वायरमन दोन वायरी एकत्र पिळून देतो आणि स्विच कायमचा बाद होतो. स्क्रू ड्रायव्हर टेकवणारा माणूस तर किल्ली आणि स्विच दोन्ही ओलांडून थेट सेल्फ फिरवतो. रात्री कुणी ट्रॅक्टर उतारावर गिअरमध्ये उभा केला असेल, तर इंजिन लागताक्षणी चाकं फिरतात. माणूस उभा असतो नेमका पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये, वाकलेला. डिझेल इंजिन खालच्या गिअरमध्ये माणसाच्या अंगाने थांबत नाही.

त्या ड्रायव्हरला मी विचारलं, “गिअर बघितला होतास का?” तो म्हणाला, “रोज मीच लावतो, मला माहीत असतं.” त्याचा मुलगा बारा-तेरा वर्षांचा आहे आणि त्यालाही हे सुरू करणं येतं.

एका सेकंदात नऊ फेरे

ट्रॅक्टरच्या मागच्या अंगाला बाहेर आलेलं दातेरी टोक म्हणजे पीटीओ. त्यावरून शाफ्ट निघतो आणि रोटर, ब्लोअर, मळणीयंत्र फिरवतो. त्याचा ठरलेला वेग मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ. शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉसचे जॉइंट असतात, साधारण चार इंच जाड. चार इंचांच्या गोलाभोवती एका फेऱ्यात फूटभर कापड गुंडाळलं जातं. कापड अडकलं हे माणसाच्या ध्यानात येऊन त्याने हात मागे घेईपर्यंत अर्धा सेकंद गेला, तर साडेचार फूट कापड आत गेलेलं असतं. शर्टाची बाही, उपरणं, रेनकोटचा बंद, साडीचा पदर, मोकळे केस या सगळ्याचा हिशेब इथे सारखाच आहे.

म्हणून नव्या शाफ्टवर प्लॅस्टिकची नळी येते. ती साखळीने बांधलेली असते, शाफ्ट आत फिरतो आणि नळी स्थिर राहते. उन्हाने ती एक-दोन हंगामांत तडकते. ग्रीस मारताना अडचण होते म्हणून कुणी अर्धी कापून टाकतो. मग शाफ्ट ट्रॅक्टरला अडकवणारी पिन हरवते आणि तिच्या जागी लांब बोल्ट किंवा खिळा येतो. मी जवळ जाऊन पाहिलेल्या एका शाफ्टवर असा बोल्ट अंगठ्याएवढा बाहेर आलेला होता, आणि त्याच्या आट्यांत निळ्या नायलॉन दोरीचा गुंता अडकला होता. आज तिथे दोरी होती.

फवारणीत हा धोका वाढतो, कारण टाकीतलं औषध ढवळणारा पंखाही पीटीओवरच चालतो. औषध तळाला बसू नये म्हणून टाकी भरताना शाफ्ट फिरता ठेवतात, आणि बादल्या ओतणारी माणसं, बहुतेकदा बाया, त्याच्याजवळच उभ्या असतात. बागेत काम करणाऱ्या बाया साडीवर नवऱ्याचा किंवा मुलाचा जुना शर्ट चढवून बटणं लावतात. पानाफांद्यांपासून आणि उन्हापासून बचाव म्हणून आलेली ही रीत पदर आत धरून ठेवते आणि इथे खरोखर उपयोगी पडते. पण तिच्या भरवशावर शाफ्ट उघडा ठेवणं हा मालकाचा अपराध आहे. औषध आधी बादलीत पाण्यात कालवून घ्यावं, शाफ्ट बंद असताना टाकीत ओतावं आणि सगळे बाजूला झाल्यावर ढवळणी सुरू करावी. दोन मिनिटं जास्त जातात, इतकंच.

काही जुन्या छोट्या ट्रॅक्टरांत आणखी एक खोड असते. त्यांचा पीटीओ आणि चाकं एकाच क्लचवर असतात. समोर विहीर किंवा बांध आला म्हणून क्लच दाबला, तरी मागे फिरणारं जड अवजार आपल्या वेगाने गिअरबॉक्स फिरवत राहतं आणि ट्रॅक्टर पुढे ढकलला जातो. क्लच दाबूनही गाडी थांबत नाही, असा भांबावून टाकणारा अनुभव येतो तो यामुळे. शाफ्टच्या टोकाला एकाच दिशेने पकडणारा ओव्हररनिंग क्लच बसवला की हा प्रश्न मिटतो. गॅरेजमध्ये हे फार थोड्यांना माहीत होतं.

रोटरमध्ये ठिबकची नळी गुंडाळली जाणं हे द्राक्षबागेत नित्याचं. नळी कापायला माणूस पात्यांत हात घालतो. त्याआधी पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात, आणि उचललेल्या रोटरखाली लाकडी ठोकळे. वीट चालत नाही, ती सूचना न देता फुटते. हायड्रोलिकवर उचललेलं अवजार म्हणजे जुन्या रबरी सीलवर टांगलेलं वजन.

याच रोटरच्या शाफ्टवर पुष्कळदा एक साधा बोल्ट असतो. तो मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो. दगड लागला की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. दोन-तीनदा तुटला की वैतागून लोक तिथे हाय टेन्साइल बोल्ट टाकतात. पुढच्या दगडाला बोल्ट टिकतो आणि दाते जातात.

विहिरीच्या कडेला

४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात हळद काढायला निघालेल्या मजूर बायांचा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत पडला. सात जणी गेल्या. त्या हिंगोली जिल्ह्यातल्या गुंज गावच्या होत्या. ही बातमी राज्याने दोन दिवस वाचली. विहिरींना कठडे नसलेली शिवारं आणि ट्रॉलीत बसून कामाला जाणाऱ्या बाया आजही तशाच आहेत.

ट्रॅक्टर उलटतो तो दोन तऱ्हांनी. कडेला, बांधावर, उतारावर तो आडवा होतो. त्यात एका लहानशा पट्टीचा मोठा वाटा असतो. ट्रॅक्टरला उजव्या-डाव्या चाकांचे ब्रेक वेगळे असतात. बागेत ओळ संपली की एकाच बाजूचा ब्रेक दाबून जागच्या जागी वळता यावं, म्हणून ही सोय. रस्त्यावर जाण्याआधी दोन्ही पेडल पट्टीने जोडायची असतात. पट्टी हरवली किंवा वाकली, आणि डांबरी रस्त्यावर वेगात असताना एकच पेडल दाबलं गेलं, तर ट्रॅक्टर त्या बाजूला गरकन फिरतो. मागे भरलेली ट्रॉली असते, आणि तिला बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो. सहाशे लिटरच्या फवारणी टाकीतलं पाणीच सहाशे किलो भरतं. टाकी अर्धी असली की ते हिंदकळत वळणावर एका बाजूला धावतं.

दुसरी तऱ्हा मागे उलटण्याची. चिखलात मागची चाकं रुतली, क्लच झटक्यात सोडला, चाकं फिरेनात. मग इंजिनाची ताकद मागच्या आसाभोवती ट्रॅक्टरचं तोंडच वर उचलते. ओढायची साखळी ड्रॉबारऐवजी वर, टॉप लिंकच्या जागी बांधलेली असेल तर हे हमखास होतं. सावरायला मिळणारा वेळ सेकंदाहून कमी असतो. हॅरी फर्ग्युसन या ट्रॅक्टर-अभियंत्याने अवजार जोडायची तीन टेकूंची जोडणी घडवली आणि १९३६ पासून ती त्याच्या ट्रॅक्टरवर आली, त्यामागे अवजार अडकून ट्रॅक्टर मागे उलटण्याच्या अपघातांचीही चिंता होती. आज जगभरातले ट्रॅक्टर तीच जोडणी वापरतात. मात्र ओढकाम तिच्या वरच्या टोकाने करू नये, हे आपल्याकडे शिकवलं जात नाही.

स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांना संरक्षक कमान सक्तीची केली आणि उलटून होणारे मृत्यू तिथे झपाट्याने घटले. आपल्या जुन्या छोट्या ट्रॅक्टरांना बहुधा कमान नसते, आणि असली तरी मांडवाखाली अडते म्हणून काढून ठेवलेली असते. दुमडणारी कमान असेल तर बागेबाहेर पडताच ती उभी करावी आणि पट्टा लावावा. कमान नसेल तर पट्टा लावू नये. आणि मडगार्डवर कुणालाही बसवू नये, नातवालाही नाही.

कोणाच्या नावावर

राज्याचा सामाजिक न्याय विभाग अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांना ९ ते १८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर आणि उपसाधनं देतो. साडेतीन लाखांच्या मर्यादेत ९० टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजार रुपये अनुदान. योजना मोलाची आहे. जमीन थोडी असलेल्यांच्या हाती यामुळे यंत्र आलं. पण दहा जणांचा ट्रॅक्टर कुणाचाच नसल्यासारखा वापरला जाऊ शकतो. आज याने नेला, उद्या त्याने. तेल कुणी पाहायचं, तुटलेला गार्ड कुणी आणायचा, हे कुठे लिहिलेलं नसतं. ट्रॅक्टरला दोरीने बांधलेली एक वही, त्यात तेल-ग्रीसची तारीख, काय तुटलं, कोणी घेतलं एवढी नोंद, आणि प्रत्येक तासामागे दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेली थोडी रक्कम, यावर अशा ट्रॅक्टरचं आयुष्य ठरेल.

अपघात झालाच तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. मृत्यू आला किंवा दोन अवयव गेले तर दोन लाख, एक हात, पाय किंवा डोळा गेला तर एक लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. तिचा लाभ सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याला मिळतो. टाकीत बादली ओतणारी, ट्रॉलीत बसून हळद काढायला जाणारी बाई यात नाही. तिचं नाव कुठल्याच सातबारावर नाही, आणि उघड्या शाफ्टच्या सर्वांत जवळ तीच उभी असते. या योजनेत शेतमजुरांना घेतलं पाहिजे. अनुदानाच्या ट्रॅक्टरबरोबर बदली गार्ड आणि दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं पाहिजे. तोवर ज्यांच्या दारात जुना ट्रॅक्टर उभा आहे, त्यांनी दिवाळी उरकताच गॅरेजच्या कोपऱ्यातून आपली झाकणं शोधून आणावीत, आणि ती बसवल्याशिवाय मिस्त्रीने गाडी ताब्यात देऊ नये.